टॅपेटची फट अन् रोटरचा काटा
वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

गेल्या अंकात कार्बोरेटरवर लिहिताना मी शेवटी एक ओळ टाकली होती: स्क्रूला हात लावायच्या आधी टॅपेट बघा, मग करंट बघा. कार्बोरेटर त्यानंतर. टॅपेट म्हणजे इंजिनातल्या वॉल्व्हला, म्हणजे वायू आत घेणाऱ्या किंवा बाहेर सोडणाऱ्या झडपेला, ढकलून उघडणारा भाग; करंट म्हणजे प्लगला ठिणगी देणारी वीज. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यातच जाणार. पांढरकवड्याजवळ रस्त्यालगत कडुलिंबाखाली माझं गॅरेज आहे. चौदाव्या वर्षी पाने धुण्यापासून सुरुवात केली, त्याला आता चाळीस वर्षांवर झाली. उत्तरं त्या हातांतून आलेली आहेत. पुस्तकातला आकडा जिथं लागतो तिथं तोही देतो.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची उंच बॉनेटची जुनी पेट्रोल जीप आहे, महिंद्राची, 1969 सालची. इंजिनात टिकटिक होते. तीन ठिकाणी टॅपेट सेट करून घेतले, चार दिवस गप्प राहते अन् पुन्हा सुरू. एकानं जाड ऑइल टाकायला सांगितलं. आवाज कायमचा बंद कसा करायचा? (वाचक, वणी तालुका)

भाऊ, आवाज कायमचा बंद करू नका. हे मी हात जोडून सांगतो, कारण एकदा मी तो केला होता.

1986 च्या लग्नसराईतली गोष्ट. पैनगंगेकडच्या एका गावची अशीच जीप आली. मालक म्हणाले, पाहुणे बसणार आहेत, इंजिन शिलाईच्या मशीनसारखं चाललं पाहिजे. मी तरुण होतो, मालकाला खूश करायचं होतं. फिलर गेज, म्हणजे फट मापायच्या पातळ पात्या, बाजूला ठेवलं आणि आवाज जाईपर्यंत टॅपेट आवळत गेलो. जीप खरंच गप्प झाली. मालकानं वर दहा रुपये दिले. तीन आठवड्यांनी तीच जीप बैलजोडीनं ओढत आणली. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडलं तर तीन नंबरच्या एक्झॉस्ट वॉल्व्हची कड उंदरानं भाकर कुरतडावी तशी खाल्लेली. उस्ताद काही बोलले नाहीत. वॉल्व्ह हातात घेऊन त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि चहा प्यायला निघून गेले. नवीन वॉल्व्हचे पैसे मी माझ्या पगारातून दिले आणि सीटवर तो घासून बसवायला दीड दिवस लागला.

असं का होतं ते समजून घ्या. बंडीच्या चाकाला लोहार धाव कशी चढवतो ते तुम्ही पाहिलंच असेल. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करतात, ती वाढते, मग चाकावर बसवून वरून पाणी ओततात. लोखंड तापलं की वाढतं, ही गोष्ट आपल्याकडच्या लहान पोट्ट्यालाही माहीत आहे. एक्झॉस्ट वॉल्व्ह इंजिनातला सगळ्यात जास्त भाजणारा भाग. जळालेला सगळा वायू त्याच्याच अंगावरून जातो आणि तो लाल होण्याइतका तापतो. तापला की त्याची दांडी लांब होते. तिला वाढायला जागा पाहिजे, म्हणून टॅपेट आणि वॉल्व्हच्या मध्ये फट ठेवतात. फट ठेवली नाही तर लांब झालेली दांडी टॅपेटवर टेकून राहते आणि वॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. वॉल्व्ह आपली बरीच उष्णता सीटला टेकून सोडतो, तीच त्याची थंड व्हायची वाट. टेकणंच बंद झालं की कड जळते.

म्हणून ढिला टॅपेट ओरडतो आणि आवळलेला गप्प राहून वॉल्व्ह खातो. ढिल्यानंही नुकसान होतंच. वॉल्व्ह कमी उघडतो, ताकद जाते, टॅपेटचं तोंड ठोके खाऊन घासतं. पण ढिल्याचं नुकसान तुम्हाला ऐकू येतं.

आता तुमच्या जीपचं. या इंजिनात इनटेक, म्हणजे आत ओढणारे, वॉल्व्ह वर हेडमध्ये आहेत, रॉकरच्या (वॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या दांड्यांच्या) झाकणाखाली, आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूच्या झाकणाआड. बाजूचं झाकण काढायला हात जेमतेम जातो, म्हणून बरेच जण फक्त वरचे चार सेट करून पैसे घेतात. तुमच्या तीन मिस्त्रींपैकी कुणी बाजूचं झाकण उघडलं होतं का, हे आधी आठवून बघा. चारच दिवसांत टिकटिक परत येते म्हणजे एक तर लॉकनट (टॅपेटचा स्क्रू जागी धरणारा नट) नीट आवळलेला नाही, किंवा खालच्या चारांना कुणी हातच लावलेला नाही.

माप इंजिन थंड असताना घ्यायचं. थंड म्हणजे रात्रभर उभं असलेलं. दुपारी बारा वाजता उन्हात उभी असलेली जीप थंड नसते. इनटेक 18 थाऊ, एक्झॉस्ट 16 थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिलिमीटरमध्ये साधारण 0.46 आणि 0.41. फिलरची पाती फटीत घातल्यावर वहीच्या पानांत दाबून ठेवलेलं मोरपीस ओढताना लागते तेवढीच ओढ लागली पाहिजे. हाताचा भरवसा नसेल तर दोन पाती घ्या: 18 ची गेली पाहिजे आणि 20 ची अडली पाहिजे. लॉकनट आवळल्यावर माप पुन्हा घ्या, कारण नट आवळताना स्क्रू थोडा सोबत फिरतोच.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. जुन्या रॉकरच्या टोकाला वॉल्व्हच्या दांडीनं खड्डा पाडलेला असतो. सपाट पाती त्या खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकते. पाती 18 सांगते, पण खड्ड्यात खरी फट 24-25 असते. अशा गाडीचा टॅपेट कितीही वेळा बरोबर मापावर ठेवला तरी टिकटिक करणारच. मग लोक वैतागून आवळतात, आणि माझ्यासारखी चूक करून बसतात. रॉकर काढून तोंडावरून बोट फिरवा, खड्डा बोटाला लागतो. तो घासून सरळ करता येतो किंवा रॉकर बदलता येतो.

जाड ऑइल टाकू नका. त्यानं आवाज दबतो, फट तीच राहते, आणि सकाळी थंड इंजिनात ते रॉकरपर्यंत पोचायला वेळ लागतो.

आता कोणता वॉल्व्ह कधी सेट करायचा? ज्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतला वायू दाबत, वर आला आहे, त्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद असतात. तेव्हाच त्यांची फट खरी. हे ओळखायला बोनेटखाली एक घड्याळ आहे: डिस्ट्रिब्युटर, सगळ्या सिलिंडरांना पाळीपाळीनं करंट वाटणारा. आमच्याकडचे जुने मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. कॅपच्या दोन क्लिपा काढा, कॅप वायरींसकट बाजूला ठेवा. आत रोटर दिसेल. तो घड्याळाच्या काट्यासारखा ज्या वायरीकडे तोंड करून उभा आहे, त्या सिलिंडरला करंट जायची वेळ आली आहे. म्हणजेच तो पिस्टन वर आला आहे, त्याचे दोन्ही वॉल्व्ह बंद आहेत.

चावी बंद करा, कॉइलची मधली वायर काढून ठेवा, प्लग काढा म्हणजे इंजिन हातानं फिरवायचं हँडल हलकं फिरेल. रोटर एक नंबरच्या वायरीसमोर आणि टायमिंगची खूण टॉपवर, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाच्या जागी, आली की एक नंबरचे दोन्ही टॅपेट सेट करा. हँडल अर्धा वेढा फिरवा, रोटर पाव वेढा सरकेल आणि तीन नंबरकडे बघेल. मग चार. मग दोन. 1-3-4-2. हँडलच्या दोन वेढ्यांत आठही वॉल्व्ह झाले. ही रीत हेड कसंही असो, डिस्ट्रिब्युटर असलेल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते. फक्त फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगीचा क्रम, त्या त्या इंजिनाची घ्या.

टॅपेट सेट केल्यावर इंजिन चालू करून सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरा. निरोगी इंजिन तो एकसारखा बाहेर ढकलतं. कागद मधूनमधून आत ओढला जात असेल तर एखादा एक्झॉस्ट वॉल्व्ह आधीच जळलेला असू शकतो. तसं असेल तर टॅपेटनं काही व्हायचं नाही, हेड उघडावं लागेल.

या सगळ्यानंतर जी बारीक, एकसारखी टिकटिक उरेल, ती राहू द्या.

प्रश्न : माझ्याकडे अँबेसेडर आहे. डिस्ट्रिब्युटर न उघडता टॅपेट सेट करायची एक नऊची रीत आहे असं ऐकलं. ती काय? (निवृत्त शिक्षक, दारव्हा)

गुरुजी, ती रीत तुमच्या गाडीसाठी फार सोपी आहे. अँबेसेडरच्या पेट्रोल इंजिनात आठही वॉल्व्ह वर एका ओळीत आहेत. रेडिएटरकडून त्यांना एक ते आठ आकडे द्या. हँडल फिरवत राहा आणि जो वॉल्व्ह पूर्ण दाबलेला दिसेल त्याचा आकडा नवातून वजा करा. उरेल त्या वॉल्व्हची फट आता सेट करा. आठ दाबलेला असेल तर एक, सहा असेल तर तीन, चार असेल तर पाच. फट 15 थाऊ. एक, चार, पाच आणि आठ हे एक्झॉस्ट आहेत.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी होती की दर वेळी एक्झॉस्टचे टॅपेट आवळलेलेच सापडतात, इनटेकचे नाही. ही बारकाई तुम्ही टिपली याचा मला फार आनंद झाला. आपल्या देशात 2000 सालच्या फेब्रुवारीपासून सगळीकडे शिसं नसलेलं पेट्रोल मिळतं. हवेसाठी, लेकरांच्या जिवासाठी ते चांगलंच झालं. पण जुन्या ओतीव हेडच्या इंजिनांत शिशाचा पातळ थर वॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीचं काम करत होता. ती गादी गेल्यावर एक्झॉस्ट वॉल्व्ह सीटला ठोकून ठोकून तिच्यात हळूहळू रुततो. वॉल्व्ह वर सरकला की फट कमी होते. म्हणून तुमचे टॅपेट आपोआप आवळतात. पुढच्या वेळी हेड उघडेल तेव्हा कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्या. तोपर्यंत वर्षातून दोनदा, पोळ्याला आणि होळीला, फट बघत जा.

प्रश्न : मी आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉइल, पॉइंट, रोटर, कॅप हे पाठ झालं, पण कंडेन्सर नेमका काय करतो ते कळत नाही. सर म्हणाले, तो ठिणगी कमी करतो. मग आपल्याला तर ठिणगी हवी आहे ना? (विद्यार्थिनी, यवतमाळ जिल्हा)

बेटा, तुझा प्रश्न बरोबर जागी बोट ठेवतो. ठिणगी दोन ठिकाणी पडू शकते, एक हवी असलेली आणि एक नको असलेली. तुझ्या सरांनी सांगितलं ते नको असलेलीबद्दल.

वावरातल्या पाइपलाइनचा विचार कर. विहिरीवरची मोटर चालू आहे, तीन इंची पाइपातून पाणी जोरात चाललंय. टोकाचा कॉक एकदम बंद केला तर काय होतं? पाइप धाडकन हादरतो, कधी जोड उखडतो. चालतं पाणी अचानक अडवलं की त्याचा सगळा जोर एका क्षणात एका जागी येतो. हळू बंद केला तर तसं काही होत नाही.

कॉइलमध्ये हेच होतं. आतल्या जाड तारेच्या काही शे वेढ्यांतून बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह चालू असतो आणि लोखंडी गाभ्याभोवती चुंबकक्षेत्र तयार झालेलं असतं. डिस्ट्रिब्युटरमधला फिरता कॅम पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारी-तोडणारी दोन छोटी तोंडं, उघडतो आणि प्रवाह तुटतो. क्षेत्र कोसळतं, आणि त्या कोसळण्यानं शेजारच्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत 15-20 हजार व्होल्ट उभे राहतात. तोच करंट मधल्या वायरीनं कॅपमध्ये येतो, कॅपच्या कोळशातून रोटरवर जातो, आणि रोटर ज्या सिलिंडरकडे तोंड करून आहे त्या प्लगला पोचतो.

पण हे सगळं प्रवाह किती झटकन तुटतो यावर आहे. पॉइंट उघडायला लागतात तेव्हा त्यांच्यातली फट केसाएवढी असते, आणि प्रवाह ती फट ठिणगी होऊन ओलांडू बघतो. ठिणगी पडली की प्रवाह तुटलाच नाही, कॉक हळूच बंद केल्यासारखं झालं. प्लगला करंट कमजोर मिळाला, वर पॉइंटचं तोंडही जळलं. कंडेन्सर त्या क्षणी प्रवाहाला दुसरी वाट देतो. पॉइंटजवळच्या एका छोट्या टाक्यात पाणी वळवावं तसा तो प्रवाह स्वतःत भरून घेतो आणि तेवढ्यात पॉइंट पुरेसे उघडतात. पॉइंटवरची ठिणगी मेली म्हणून प्लगवरची जगली.

घरी जुनी गाडी असेल तर स्वतः बघ. कंडेन्सर चांगला असेल तर प्लगची ठिणगी निळी आणि टाळी वाजल्यासारखी कडक पडते. गेला असेल तर पिवळी, लुळी पडते आणि पॉइंटवर मोठा जाळ दिसतो. पॉइंटच्या एका तोंडावर डोंगर आणि दुसऱ्यावर खड्डा दिसला, तर बहुतेक वेळा तिथं चुकीच्या मापाचा कंडेन्सर बसवलेला असतो. बाजारात आकार सारखा दिसतो म्हणून कोणताही उचलून लावतात. असल्या डोंगर-खड्ड्याच्या पॉइंटला फिलरनं मापू नकोस. पाती डोंगराच्या माथ्यावर टेकते आणि खोटं माप देते.

वेगाचा अंदाज म्हणून एक हिशेब कर. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या अर्ध्या वेगानं, 1500 फेरे घेतो, आणि प्रत्येक फेऱ्यात चार ठिणग्या. मिनिटाला 6000, सेकंदाला 100. तेवढ्या वेळा ते दोन पॉइंट उघडतात आणि मिटतात, आणि पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. म्हणून आधी पॉइंटची फट, आणि त्यानंतरच टायमिंग. उलट केलंस तर टायमिंग पुन्हा करावं लागेल. जीपच्या पॉइंटला 20 थाऊ, अँबेसेडरच्या 14 ते 16. नवे पॉइंट टाकले तर टाच बसायला काही दिवस लागतात, म्हणून साधारण 500 किलोमीटरनंतर फट पुन्हा बघ. कॅमला बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस. जास्त लावलं तर उन्हाळ्यात वितळून पॉइंटवर उडतं.

टायमिंग लावायला महागडं यंत्र लागत नाही. गाडीचाच 12 व्होल्टचा एक बल्ब घे, एक तार कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी बॉडीला लाव. चावी चालू कर. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. इंजिन टायमिंगच्या खुणेवर ठेव (या जीपला टॉपच्या आधी 5 अंश), डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला कर आणि बॉडी हळूहळू फिरव. बल्ब ज्या क्षणी पेटतो, तिथंच आवळ. रोटर ज्या दिशेनं फिरतो त्याच्या उलट बॉडी फिरवलीस तर टायमिंग पुढं जातं. फार पुढं गेलं तर चढावर इंजिन खडखडतं आणि हँडल उलटा झटका मारतं. मागं राहिलं तर गाडी सुस्त होते आणि तापते. झटक्यानं मनगट मोडलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेव, दांडीला वेढा घालू नकोस.

पुढच्या वर्षी तुला बिनपॉइंटची, मग डिस्ट्रिब्युटरच नसलेली इंजिनं शिकवतील. तिथं पॉइंटचं काम सेन्सर आणि ट्रान्झिस्टर करतात. कॉक एकदम बंद करायचा, ही गोष्ट तीच राहते.

प्रश्न : वरुडकडे संत्र्याच्या बागेत माझी जुनी पेट्रोल जीप चालते. मे महिन्यात दुपारी दोन-तीनच्या सुमारास बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. कुणी कॉइल बदल म्हणतं, कुणी पेट्रोल पंप. (बागायतदार, वरुड)

दोघांपैकी एकाचं बरोबर असेल, पण कोणाचं ते बंद पडलेल्या त्याच मिनिटाला तपासावं लागेल, अर्ध्या तासानं नाही. त्यासाठी गाडीत एक जुना ओला पंचा आणि पकडीसाठी रबराच्या मुठीची पक्कड ठेवा.

बंद पडली की कॅपमधून मधली जाड वायर काढा, पक्कडीनं धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. जवळपास पेट्रोल गळत नाही ना हे आधी बघा. कडक निळी ठिणगी पडली तर करंट ठीक आहे, दोष पेट्रोलचा. 45-46 अंशाच्या उन्हात पेट्रोलच्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. ओला पंचा पंपावर आणि नळीवर ठेवा, पाच मिनिटांत चालू होईल. कायमचा उपाय म्हणजे नळी एक्झॉस्टपासून दूर नेणं.

ठिणगी पिवळी पडली किंवा पडलीच नाही, तर पंचा कॉइलवर ठेवा. त्यानं चालू झाली तर कॉइल गरम झाल्यावर आतून तुटते आहे. नाहीच झाली तर कंडेन्सर बदलून बघा. तोही तापल्यावरच दगा देतो आणि थंड झाल्यावर चांगला दिसतो. पंचा एका वेळी एकाच जागी ठेवा. लोक घाईत दोन्हीवर पाणी ओततात, गाडी चालू होते, आणि दोष कुठं होता ते पुढच्या दुपारपर्यंत कळत नाही.

पावसाळ्यात हीच जीप सकाळी चालू झाली नाही तर कॅप काढून आतून कोरड्या सुती कापडानं पुसा. उजेडात धरा. आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर करंट त्या रेघेनं पळतोय, कॅप बदला. अंधार पडल्यावर बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर फुटक्या वायरीतून, कॅपवरून निळा करंट सरपटताना डोळ्यांनी दिसतो.

प्रश्न : ट्रॅक्टरला डिस्ट्रिब्युटर कुठं असतो? टॅपेट तरी असतात का? (शेतकरी, आर्णी तालुका)

डिझेलला प्लगची ठिणगीच लागत नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून कॉइल, पॉइंट, रोटर यांपैकी काहीच नाही. टॅपेट मात्र आहेत, ट्रॅक्टरला आहेत आणि विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही. माप त्या त्या कंपनीच्या पुस्तिकेतलंच घ्या, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं घेऊ नका.

प्रश्न : आमची व्हॅन गॅसवर चालते. टॅपेट वर्षभरात दोनदा आवळले गेले. गॅसमुळे का? (वाचक, पुसद)

हो, गॅसचा हात असू शकतो. तो कोरडा जळतो, एक्झॉस्ट सीटची झीज वाढते आणि वर गुरुजींना सांगितलं तसंच फट मिटत जाते. पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीपेक्षा निम्म्या अंतरावर टॅपेट बघत जा.

पण पत्रात तुम्ही घरचं सिलिंडर लावतो असं लिहिलं आहे. भाऊ, ते आजच्या आज काढा. ते बेकायदा आहे, आणि त्या व्हॅनमध्ये तुमची पोरं शाळेत जातात. मान्यताप्राप्त किट आणि गाडीची टाकी बसवून, आरसी बुकात नोंद होईपर्यंत पेट्रोलवर चालवा.

प्रश्न : मालकांना जाऊन पाच वर्षं झाली. त्यांची जीप तेव्हापासून गोठ्याशेजारी झापाखाली उभी आहे. मुलगा आता सोळाचा झाला, म्हणतो आई, आपण बाबांची गाडी चालू करू. कुठून सुरुवात करावी? (एक वाचक बाई, घाटंजी तालुका)

ताई, बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका, एवढं पहिलं. पाच वर्षं उभ्या इंजिनात एखादा वॉल्व्ह गंजून अडकलेला असू शकतो, आणि जोरात फिरवलं तर पुश रॉड (टॅपेटपासून रॉकरपर्यंतची दांडी) वाकू शकतो.

मुलाला चारही प्लग काढायला सांगा. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि दोन दिवस तसंच राहू द्या. वायरींवर आधी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून नंबर घालून ठेवा. गोठ्याशेजारी आहे म्हणजे उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील, त्या बघा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका.

मग गिअर न्यूट्रलला ठेवून हँडल हातानं, सावकाश. फिरलं तर वरचं झाकण आणि बाजूचं झाकण उघडून मुलाला आठही वॉल्व्ह एकेक करून उघडताना आणि मिटताना बघू द्या. एखादा मिटत नसेल तर त्याच्या दांडीला ऑइल लावून हलक्या हातानं मोकळा करा. त्यानंतर वणीच्या भाऊंना सांगितली ती रोटरची रीत, 18 आणि 16 थाऊ. पॉइंटवर पाच वर्षांत पांढुरका थर आलेला असेल, त्यातून करंट जात नाही. बारीक पॉलिश पेपरनं दोन-तीनदाच घासा, मग त्यात कोरं पोस्टकार्ड ओढा म्हणजे भुकटी निघेल. डिस्ट्रिब्युटर उघडला की रोटर मुलाच्या खिशात ठेवायला लावा. छोटी वस्तू आहे, गवतात पडली तर सापडत नाही.

हँडल फिरलं की नाही, तेवढं मला कळवा. नाही फिरलं तर माझं उत्तर येईपर्यंत त्याला जोर लावू नका, आणखी थोडं ऑइल टाकून ठेवा.